कोणानंतर कोण? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या अमेरिकी गव्हर्नरांचा क्रम तारखेनिशी कसा लावायचा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या अमेरिकी गव्हर्नरांची नावं मिळवायला फारसे कष्ट पडत नाहीत. कष्ट पडतात ते दोन नावांच्या मधल्या रेघेवर. आधीचा नेमका कधी गेला, पुढचा कधी आला, आणि मधे खुर्चीत कोण बसलं होतं? १८६५ ते १९०० या काळात यादवी युद्धानंतरची लष्करी राजवट येऊन गेली, नवी राज्यं जन्मली, एकाच राज्यात दोन-दोन सरकारं बसली, निवडून आलेला माणूस नागरिकच नाही असं न्यायालयाने ठरवलं, आणि एका गव्हर्नराला गोळी घातली गेली. त्यामुळे दोन चांगल्या ग्रंथांतल्या याद्या शेजारी ठेवल्या तर तारखा जुळत नाहीत. गंमत अशी की दोन्ही याद्या आपापल्या हिशेबाने बरोबर असू शकतात.

मराठी विकिपीडियावर अशी कोष्टकं भरणारे, अमेरिकी इतिहासाचे विद्यार्थी आणि जुनी सही-शिक्क्याची कागदपत्रं जमवणारे, अशा सगळ्यांना चालेल अशी पद्धत खाली देतो आहे. आधी एक खुलासा. आपल्याकडच्या राज्यपालाचं चित्र डोळ्यांपुढे आणू नका. त्याच काळात मुंबई इलाख्यात लॉर्ड हॅरिस किंवा लॉर्ड सँडहर्स्ट लंडनहून नेमून आले होते. अमेरिकी राज्याचा गव्हर्नर मात्र लोकांच्या मतांवर येई, आणि राज्याचा कारभार प्रत्यक्ष त्याच्याच हाती असे. अधिकाराच्या दृष्टीने तो आजच्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. म्हणूनच त्या खुर्चीसाठी एवढी झोंबाझोंबी होई.

पद्धतीचा कणा एकच: नियम आधी, तारखा मग, नावं सगळ्यात शेवटी.

पायरी १ : त्या राज्याचा त्या वेळचा नियम लिहून काढा

आजची राज्यघटना उघडू नका. त्या वर्षी लागू असलेली घटना शोधा. बहुतेक राज्यांनी या काळात घटना बदलल्या, काहींनी दोनदा. त्यातून पाच गोष्टी टिपा: मुदत किती वर्षांची, निवडणूक कोणत्या वर्षी व महिन्यात, शपथ कोणत्या दिवशी, लागोपाठ दुसरी मुदत चालते का, आणि जागा रिकामी झाली तर पुढे कोण.

न्यूयॉर्क घ्या. तिथे मुदत दोन वर्षांची होती. १८७६ च्या निवडणुकीपासून ती तीन वर्षांची झाली, आणि १८९४ च्या घटनेने पुन्हा दोनवर आली. म्हणून ल्यूशियस रॉबिन्सन १८७७ ते १८७९, अलोन्झो कॉर्नेल १८८० ते १८८२, रॉझवेल फ्लॉवर १८९२ ते १८९४ अशा तीन-तीन वर्षांच्या ओळी दिसतात. त्यापुढे लेव्ही मॉर्टन १८९५-९६, फ्रँक ब्लॅक १८९७-९८ आणि थिओडोर रूझवेल्ट १८९९-१९०० अशा दोन-दोनच्या. सगळीकडे एकच पट्टी लावणारा इथे पहिल्या पानावरच अडकतो.

मॅसॅच्युसेट्समध्ये या सबंध काळात दरवर्षी निवडणूक होती. केंटकीत ऑगस्टमध्ये मतदान आणि सप्टेंबरमध्ये शपथ असे. १८९१ च्या घटनेनंतर ते नोव्हेंबर आणि डिसेंबरवर गेलं, आणि विल्यम ब्रॅडली यांनी १० डिसेंबर १८९५ ला शपथ घेतली. वेस्ट व्हर्जिनियाचा दिवस ४ मार्च. व्हरमाँटमध्ये ऑक्टोबर.

मुदत बदलताना एखादी ओळ विचित्र लांबीची होते, तिला चूक समजू नका. कॅलिफोर्नियात जॉर्ज पर्किन्स १८८० ते १८८३ अशी तीनच वर्षं होते, कारण १८७९ च्या घटनेने निवडणुका सम वर्षांवर आणल्या. विस्कॉन्सिनमध्ये जेरेमाया रस्क यांची पहिली मुदतही तशाच कारणाने १८८२ ते १८८५ अशी ताणली गेली.

पायरी २ : रिकामा सांगाडा आखा

आता नाव न लिहिता नुसत्या ओळी आखा. ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत, निवडणूक अमुक साली.’ निवडणुकीचं साल आणि शपथेचं साल वेगळ्या रकान्यांत ठेवा. मराठी लिखाणात सगळ्यात जास्त चुका इथेच दिसतात. ओहायोत विषम वर्षी मतदान होई, म्हणून विल्यम मॅकिन्ली निवडून आले १८९१ मध्ये आणि गव्हर्नर झाले जानेवारी १८९२ मध्ये. ‘१८९१ चे गव्हर्नर’ म्हटलं तर ते जेम्स कॅम्बेल.

काही राज्यांत तारीख ठरलेली नसते, वार ठरलेला असतो. न्यू जर्सीत १८४४ च्या घटनेप्रमाणे जानेवारीचा तिसरा मंगळवार. हे फार उपयोगी पडतं, कारण कॅलेंडर खोटं बोलत नाही. १८९६ चा तिसरा मंगळवार २१ जानेवारीला येतो, १८९९ चा १७ जानेवारीला. यादीत दुसरी तारीख दिसली तर त्या यादीची बाकीची पानंही जरा संशयानेच वाचावीत.

पायरी ३ : ते तेव्हा ‘राज्य’ होतं का, हे तपासा

पश्चिमेकडचा मोठा भाग तेव्हा टेरिटरी होता, म्हणजे राज्याचा दर्जा अजून न मिळालेला, केंद्राच्या ताब्यातला प्रदेश. टेरिटरीचा गव्हर्नर राष्ट्राध्यक्ष नेमत, म्हणजे इथे आपली मुंबई इलाख्याची उपमा पुन्हा कामाला येते. कोलोरॅडो १ ऑगस्ट १८७६ ला राज्य झालं. नॉर्थ व साउथ डकोटा २ नोव्हेंबर १८८९, माँटाना ८ नोव्हेंबर, वॉशिंग्टन ११ नोव्हेंबर. आयडाहो ३ जुलै १८९० आणि वायोमिंग १० जुलै. युटा ४ जानेवारी १८९६.

पण राज्य होण्याचा दिवस आणि पहिल्या निर्वाचित गव्हर्नराचा दिवस एकच असेल असं धरून चालू नका. कोलोरॅडोचे जॉन राउट हे शेवटचे टेरिटोरियल गव्हर्नर आणि पहिले राज्य गव्हर्नरही. निवडून येऊन त्यांनी सूत्रं घेतली नोव्हेंबर १८७६ मध्ये. वायोमिंगचे फ्रान्सिस वॉरन, आयडाहोचे जॉर्ज शूप आणि साउथ डकोटाचे आर्थर मेलेट यांचंही तसंच. एकाच माणसाच्या दोन ओळी करा: नेमलेला आणि निवडलेला. वॉशिंग्टनच्या एलिशा फेरी यांच्याबाबत तर मधे काही वर्षांची फट आहे. ते १८७२ ते १८८० टेरिटरीचे गव्हर्नर होते आणि १८८९ मध्ये राज्याचे पहिले गव्हर्नर झाले.

दक्षिणेत प्रकरण उलट. राज्यं जुनी, पण २ मार्च १८६७ च्या पुनर्रचना कायद्याने दहा राज्यं पाच लष्करी जिल्ह्यांत टाकली गेली, आणि सेनापती गव्हर्नरांना काढू लागले. जनरल शेरिडन यांनी ३० जुलै १८६७ ला टेक्ससचे निर्वाचित गव्हर्नर जेम्स थ्रॉकमॉर्टन यांना हटवलं आणि एलिशा पीस यांना बसवलं. हेच पीस १८५० च्या दशकात लोकांच्या मतांवर गव्हर्नर होऊन गेले होते. त्यांनी ३० सप्टेंबर १८६९ ला पद सोडल्यावर ८ जानेवारी १८७० पर्यंत टेक्ससला गव्हर्नरच नव्हता, जनरल रेनल्ड्स थेट कारभार बघत होते. अशी ओळ रिकामीच ठेवायची. ‘काहीतरी राहून गेलं’ असं वाटून तिथे कुणाचं नाव कोंबू नका.

म्हणून कोष्टकात ‘कसा आला’ हा रकाना हवाच: मतांनी, विधिमंडळाने, राष्ट्राध्यक्षांनी, सेनापतीने, की वारसाहक्काने. मिसिसिपीचे अ‍ॅडेल्बर्ट एम्स १८६८ मध्ये लष्करी गव्हर्नर म्हणून आले आणि १८७३ मध्ये निवडून येऊन जानेवारी १८७४ मध्ये पुन्हा बसले. हा रकाना नसेल तर दोन्ही ओळी सारख्याच दिसतात.

पायरी ४ : जागा का रिकामी झाली आणि पुढे कोण आलं

मृत्यू हे कारण आहेच. केंटकीचे जॉन हेल्म यांनी ३ सप्टेंबर १८६७ ला आजारपणात अंथरुणावरच शपथ घेतली आणि ८ तारखेला ते गेले. कॅलिफोर्नियाचे वॉशिंग्टन बार्टलेट जानेवारी १८८७ मध्ये आले आणि १२ सप्टेंबरला वारले. महाभियोगही आहे. नॉर्थ कॅरोलायनाचे विल्यम होल्डन आणि नेब्रास्काचे डेव्हिड बटलर हे दोघेही १८७१ मध्ये पदच्युत झाले.

पण खरं मोठं कारण वेगळंच, आणि ते कळलं की निम्मी कोडी सुटतात. १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीपर्यंत देशाच्या राजधानीतल्या, म्हणजे वॉशिंग्टनच्या सिनेटचे सदस्य लोक निवडत नसत, राज्याचं विधिमंडळ निवडे. गव्हर्नराचा पक्ष विधिमंडळात बहुमतात असला की गव्हर्नराला सिनेटची वाट मोकळी. म्हणून जानेवारी ते मार्चच्या दरम्यान राजीनामा दिसला की आधी सिनेटची यादी बघा; ४ मार्चला सिनेटची मुदत सुरू होई. इलिनॉयचे रिचर्ड ओग्लस्बी यांनी १३ जानेवारी १८७३ ला शपथ घेतली आणि २३ जानेवारीला राजीनामा देऊन सिनेटची वाट धरली. लेफ्टनंट गव्हर्नर (म्हणजे उपगव्हर्नर) जॉन बेव्हरिज उरलेली मुदत बघत बसले. ओग्लस्बी यांची ही दहा दिवसांची ओळ गाळू नका. आधीची १८६५-६९ ची आणि नंतरची १८८५-८९ ची धरून त्यांच्या तीन ओळी होतात. न्यूयॉर्कचे ग्रोव्हर क्लीव्हलँड ६ जानेवारी १८८५ ला पायउतार झाले ते मात्र थेट राष्ट्राध्यक्ष व्हायला. मागे डेव्हिड हिल आले.

पुढे कोण येणार हे राज्यागणिक वेगळं. बहुतेक ठिकाणी लेफ्टनंट गव्हर्नर. मेन, न्यू जर्सी, जॉर्जिया इथे ते पदच नव्हतं; राज्याच्या सिनेटचा अध्यक्ष येई. ओरेगन आणि वायोमिंगमध्ये सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे राज्याचा सचिव. ओरेगनचे ला फायेट ग्रोव्हर १८७७ मध्ये वॉशिंग्टनच्या सिनेटवर गेले, तेव्हा सेक्रेटरी स्टीफन चॅडविक गव्हर्नर झाले. एक काळजी घ्या: लिहिताना प्रत्येक वेळी ‘राज्याचं सिनेट’ की ‘वॉशिंग्टनचं सिनेट’ हे स्पष्ट करा, नाहीतर वाचक पहिल्याच परिच्छेदात हरवतो.

साखळी लांबली की ती पूर्ण लिहावी. साउथ कॅरोलायनाची १८७८ ते १८८० ही दोन वर्षांची एकच मुदत पाहा:

वेड हॅम्प्टन, पुन्हा निवडून आलेले. २६ फेब्रुवारी १८७९ ला वॉशिंग्टनच्या सिनेटसाठी राजीनामा.
विल्यम डनलॅप सिम्पसन, लेफ्टनंट गव्हर्नर. १ सप्टेंबर १८८० ला राज्याचे सरन्यायाधीश होण्यासाठी राजीनामा.
टॉमस जीटर, राज्य सिनेटचे हंगामी अध्यक्ष. ३० नोव्हेंबर १८८० पर्यंत.
मग निवडून आलेले जॉन्सन हॅगूड.

एक मुदत, तीन माणसं, आणि कुठेही भांडण नाही.

पायरी ५ : गव्हर्नर की कार्यवाहक?

हा प्रश्न मानाचा नाही, पात्रतेचा आहे. न्यू जर्सीत लागोपाठ दुसरी मुदत चालत नसे. जॉन ग्रिग्ज यांनी मॅकिन्लींच्या मंत्रिमंडळात अ‍ॅटर्नी जनरल होण्यासाठी ३१ जानेवारी १८९८ ला राजीनामा दिला आणि राज्य सिनेटचे अध्यक्ष फॉस्टर व्हूरीस कार्यवाहक झाले. त्यांना नोव्हेंबरची निवडणूक लढवायची होती. खुर्चीत बसून लढले असते तर मनाईचा नियम आडवा आला असता. म्हणून १८ ऑक्टोबरला ते बाजूला झाले, सभागृहाचे सभापती डेव्हिड वॉटकिन्स कार्यवाहक झाले, आणि १७ जानेवारी १८९९ ला व्हूरीस निर्वाचित गव्हर्नर म्हणून परतले. तीन महिन्यांची ही मधली ओळ कुणी ‘किरकोळ’ म्हणून खोडली तर व्हूरीस लागोपाठ बसलेले दिसतील, आणि घटनेने ज्याला मनाई केली तेच घडलं असा अर्थ निघेल.

वायोमिंगमध्ये याच शब्दावरून खडाजंगी झाली. वॉरन ऑक्टोबर १८९० मध्ये निर्वाचित गव्हर्नर झाले आणि सहाच आठवड्यांत वॉशिंग्टनच्या सिनेटवर गेले. सेक्रेटरी ऑफ स्टेट एमॉस बार्बर २४ नोव्हेंबर १८९० पासून कार्यवाहक. १८९२ च्या निवडणुकीत उरलेल्या मुदतीसाठी जॉन ऑस्बोर्न जिंकले. बार्बर नुसते कार्यवाहक आहेत, मग जानेवारीची वाट कशाला बघायची, असं म्हणून ऑस्बोर्न यांनी २ डिसेंबरलाच शपथ घेऊन टाकली. बार्बर यांनी ते मानलं नाही. याद्या ऑस्बोर्न यांना २ जानेवारी १८९३ पासून धरतात, आणि तेच ठेवावं. डिसेंबरची शपथ टिपेत द्यावी.

आजारपणातले कार्यवाहकही असतात. अलाबामात एकोणिसावं शतक संपता संपता, डिसेंबर १९०० मध्ये, विल्यम सॅमफर्ड आजारी असल्याने राज्य सिनेटचे अध्यक्ष विल्यम जेल्क्स यांनी २६ दिवस काम पाहिलं. जागा रिकामी झाली नव्हती, म्हणून स्वतंत्र ओळ नको, टीप पुरे. सॅमफर्ड १९०१ मध्ये वारले तेव्हा जेल्क्स यांची खरी ओळ सुरू होते.

पायरी ६ : ‘जागा रिकामी’ की ‘नवा अजून आला नाही’?

सबंध लेखातली ही सगळ्यात महत्त्वाची जागा. दोन्ही अवस्था बाहेरून सारख्या दिसतात, पण कायद्यात त्यांचे रस्ते वेगळे. जागा रिकामी असेल तर वारस येतो. नवा माणूस अजून ठरलाच नसेल तर जुनाच बसून राहतो, कारण बहुतेक घटनांत ‘उत्तराधिकारी पात्र होईपर्यंत’ अशी तरतूद असे.

वेस्ट व्हर्जिनियात १८८८ ला रिपब्लिकन नेथन गॉफ १०६ मतांनी पुढे होते. डेमोक्रॅट ब्रूक्स फ्लेमिंग यांनी निकालाला आव्हान दिलं आणि विधिमंडळाची चौकशी लांबली. ४ मार्च १८८९ उजाडला तेव्हा दावेदार तीन. गॉफ म्हणाले, मतं माझी. मावळते गव्हर्नर विल्सन म्हणाले, निकाल लागेपर्यंत मीच. राज्य सिनेटचे अध्यक्ष रॉबर्ट कार म्हणाले, जागा रिकामी आहे, मी वारस. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विल्सन यांना ठेवलं, म्हणजे जागा रिकामी नाही असं ठरवलं. पुढे विधिमंडळाने फ्लेमिंग यांच्या बाजूने कौल दिला आणि त्यांनी ६ फेब्रुवारी १८९० ला सूत्रं घेतली. तेव्हा विल्सन यांची ओळ अकरा महिने लांबवायची. गॉफ आणि कार यांना ओळ नाही, टीप आहे.

कनेक्टिकटमध्ये जिंकायला निम्म्याहून जास्त मतं लागत. १८९० ला डेमोक्रॅट लुझॉन मॉरिस सगळ्यांत पुढे होते, पण बहुमताचा आकडा वादात अडकला. अशा वेळी विधिमंडळाने निवड करायची. एक सभागृह रिपब्लिकन, दुसरं डेमोक्रॅट, निवड होईना. मग मावळते मॉर्गन बल्कली, जे त्या निवडणुकीत उभेही नव्हते, आणखी एक अख्खी मुदत बसून राहिले. विरोधी पक्षाच्या कम्प्ट्रोलरने (राज्याच्या हिशेब अधिकाऱ्याने) कुलूप बदललं तेव्हा त्यांनी पहारीने दार उघडवलं आणि ‘पहारवाले गव्हर्नर’ हे नाव त्यांना कायमचं चिकटलं. राज्याची बिलं त्यांच्याच एट्ना विमा कंपनीच्या पैशातून भागली. शेजारच्या न्यूयॉर्कचे हिल त्यांना गव्हर्नर मानायलाच तयार नव्हते. राज्याच्या न्यायालयाने १८९२ मध्ये मात्र बल्कलींना वैध ठरवलं. मॉरिस पुन्हा जिंकून आले आणि जानेवारी १८९३ मध्ये बसले.

मेनमध्येही बहुमताचाच नियम होता. १८७८ ला अलोन्झो गार्सेलॉन लोकांच्या मतांत तिसरे आले, तरी विधिमंडळाने त्यांनाच निवडलं. पुढच्या वर्षी मतमोजणीवरून एवढा गोंधळ माजला की जानेवारी १८८० मध्ये माजी गव्हर्नर आणि युद्धातले जनरल जोशुआ चेंबरलेन यांना मिलिशियाचे (राज्याच्या नागरी सैन्याचे) प्रमुख म्हणून राजधानी ऑगस्टात बारा दिवस शांतता राखावी लागली. शेवटी डॅनियल डेव्हिस. अशा राज्यांत ‘मतं जास्त कुणाला’ यावरून नाव भरणं म्हणजे हमखास चूक.

पायरी ७ : दोघेही स्वतःला गव्हर्नर म्हणवतात तेव्हा

इथे एका रकान्याने भागत नाही. तीन करा: दावा कधीपासून, प्रत्यक्ष ताबा कधीपासून, मान्यता कधी व कुणाची. मान्यता न्यायालयाची, विधिमंडळाची किंवा राष्ट्राध्यक्षांची असू शकते.

साउथ कॅरोलायनात डॅनियल चेंबरलेन (मेनच्या चेंबरलेन यांच्याशी गल्लत नको) यांनी ७ डिसेंबर १८७६ ला शपथ घेतली, वेड हॅम्प्टन यांनी १४ डिसेंबरला. चार महिने दोन सरकारं. राष्ट्राध्यक्ष हेज यांनी १० एप्रिल १८७७ ला स्टेट हाउसमधून संघीय सैनिक काढले, दुसऱ्या दिवशी चेंबरलेन बाहेर पडले. हॅम्प्टन यांची सुरुवात काही याद्यांत डिसेंबर १८७६ आहे, काहींत एप्रिल १८७७. पहिली दाव्याची, दुसरी ताब्याची.

लुईझियानात ९ डिसेंबर १८७२ ला हेन्री क्ले वॉरमॉथ यांच्यावर महाभियोग आला आणि ते निलंबित झाले. लेफ्टनंट गव्हर्नर ऑस्कर डन आदल्या वर्षीच वारले होते, म्हणून राज्य सिनेटचे पी. बी. एस. पिंचबॅक आले. अमेरिकेतले ते पहिले कृष्णवर्णीय गव्हर्नर. १३ जानेवारी १८७३ ला विल्यम केलॉग आणि जॉन मॅकेनरी या दोघांनीही शपथ घेतली. केंद्राने केलॉग यांना मानलं. पुढे १८८१ मध्ये गव्हर्नर झालेले सॅम्युएल मॅकेनरी हे जॉन यांचे भाऊ. आडनाव बघून ओळी जोडू नका.

टेक्ससचा तंटा एका अर्धविरामावरून. घटनेतल्या मतदानाच्या वाक्यात अर्धविराम कुठे आहे यावरून राज्याच्या न्यायालयाने १८७३ ची निवडणूकच अवैध ठरवली. विजेते रिचर्ड कोक यांनी तरीही १५ जानेवारी १८७४ ला शपथ घेतली. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी सैन्य पाठवायला नकार दिला आणि १९ तारखेला एडमंड डेव्हिस निघून गेले. न्यायालयाची मान्यता एकाला, ताबा दुसऱ्याला; इथे ताबा जिंकला.

दोन प्रकरणं शेजारी ठेवली की ओळ कधी तोडायची ते कळतं. अर्कान्सामध्ये १५ एप्रिल १८७४ ला जोसेफ ब्रूक्स यांनी एका न्यायाधीशाचा हुकूम घेऊन एलिशा बॅक्स्टर यांना कचेरीतून बाहेर काढलं. महिनाभर गोळीबार. १५ मे ला ग्रँट यांनी बॅक्स्टर यांना मान्यता दिली. बॅक्स्टर यांची ओळ सलग ठेवा, कारण ब्रूक्स यांच्याकडे इमारत होती, राज्य नव्हतं.

नेब्रास्कात मात्र ओळ तोडावीच लागते. आयर्लंडमध्ये जन्मलेले, ओमाहाचे माजी महापौर जेम्स बॉइड जानेवारी १८९१ मध्ये गव्हर्नर झाले. मावळते जॉन थेअर कोर्टात गेले: बॉइड यांच्या वडिलांनी नागरिकत्वाची प्रक्रिया पुरी केलीच नव्हती, म्हणजे मुलगाही नागरिक नाही. ५ मे १८९१ ला राज्याच्या न्यायालयाने बॉइड यांना काढलं. मग लेफ्टनंट गव्हर्नर टॉमस मेजर्स का नाही आले? पायरी ६ आठवा. बॉइड कधी पात्रच नव्हते असं ठरल्यावर जागा ‘रिकामी’ होत नाही. ‘नवा अजून आला नाही’ अशी होते, आणि जुने थेअर परततात. १ फेब्रुवारी १८९२ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला आणि ८ फेब्रुवारीला बॉइड पुन्हा बसले. मधल्या २७९ दिवसांत थेअर यांच्याकडे न्यायालयाची मान्यताही होती आणि ताबाही. म्हणून बॉइड, थेअर, बॉइड अशा तीन ओळी.

पायरी ८ : दिवस आणि क्रमांक

पिंचबॅक कुठे ३५ दिवसांचे असतात, कुठे ३६. तारखा त्याच, कुणी दोन्ही टोकं मोजतं, कुणी एक. आपली रीत एकदा ठरवा आणि वर लिहून ठेवा. मग एका ओळीची शेवटची तारीख पुढच्या ओळीची पहिली आहे का, हे खालपर्यंत तपासत जा. फट किंवा दुहेरीपणा सापडला की तिथे एक तर तुमची चूक आहे किंवा खरी घटना.

‘राज्याचे अमुकावे गव्हर्नर’ हा क्रमांक देण्याचा मोह टाळलेला बरा. कार्यवाहक धरायचे का, परत आलेला माणूस दोनदा मोजायचा का, हे प्रत्येक राज्य आपापल्या मर्जीने ठरवतं. द्यायचाच असेल तर राज्याच्या अधिकृत यादीतला द्या, स्वतः मोजू नका.

पायरी ९ : कागद कुठे बघायचे

राज्यांची ब्लू बुकं आणि मॅन्युअलं (म्हणजे सरकारी माहितीपुस्तकं), विधिमंडळाची इतिवृत्तं, न्यायालयांचे छापील निकाल हे बरंचसं जालावर फुकट आहे. वर्तमानपत्रांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हा संग्रह. नॅशनल गव्हर्नर्स असोसिएशनची चरित्रं सुरुवातीला ठीक, पण वादाच्या जागी ती एका वाक्यात उरकतात.

वादाच्या काळात मी चरित्रावर विसंबत नाही, कायद्याखालची सही बघतो. कोणत्या दिवशी कुणी विधेयकावर सही केली, कुणाचा माफीचा हुकूम तुरुंगाने पाळला, कुणाच्या आदेशावर खजिन्यातून पैसे सुटले. केंटकी १९०० साठी हाच मार्ग कामाला येतो. तिथे विल्यम टेलर यांनी १२ डिसेंबर १८९९ ला शपथ घेतली. प्रतिस्पर्धी विल्यम गोबेल यांना ३० जानेवारी १९०० ला फ्रँकफर्टमध्ये स्टेट हाउससमोर गोळी लागली. ३१ ला विधिमंडळातल्या डेमोक्रॅटांनी त्यांना विजयी ठरवून शपथ दिली, ३ फेब्रुवारीला ते वारले, आणि तीस वर्षांचे लेफ्टनंट गव्हर्नर बेकम आले. टेलर यांनी हे मान्य केलं नाही. आपण अजून गव्हर्नर आहोत या भूमिकेतून ते हुकूम काढत राहिले. २१ मे १९०० ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला तेव्हाच ते इंडियानात निघून गेले. कोष्टकात टेलर ३१ जानेवारीपर्यंत, गोबेल ३१ जानेवारी ते ३ फेब्रुवारी, मग बेकम. आणि टेलर यांच्या दाव्याच्या रकान्यात २१ मे १९००.